हत्तीतळ्यावरचे कावळे

“कावळा होडीला भीत नाही,” नाना म्हणाले, आणि बागेत हशा पिकला.

सभा हत्तीतळ्याच्या बागेतच भरली होती, बँडस्टँडसमोर. मांडववाल्याच्या लाल खुर्च्या, मधूनच शीळ घालणारा माईक आणि संध्याकाळी फिरायला येणारी निम्मी पेठ. माझे वडील माईकसमोर टाचा जुळवून उभे होते, समोर कर्नल बसल्यासारखे. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत त्यांचे सख्खे थोरले भाऊ होते. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक आबासाहेब इंगवले, म्हणजे माझे आबाकाका. ते हसले नाहीत. त्यांनी हात वर करून लोकांना गप्प केलं.

“बोलू द्या त्याला,” काका म्हणाले. “सगळ्यांचं ऐकायचं ठरलंय ना आपलं?”

काकांची ही जुनी हातोटी. समोरच्याला पोटभर बोलू द्यायचे. लोक म्हणायचे, काय मोठं मन आहे. मीही म्हणायचे.

भांडण होतं उतरणीवरून. संस्थानाच्या काळात तळ्यावर हत्ती आंघोळीला यायचे, त्यांच्यासाठी राजानं दगडी उतरण बांधली होती. बाकी सगळ्या बाजूंनी चिखल आणि जलपर्णी. कोरड्या पायांनी पाण्यापर्यंत जाता येईल अशी तेवढी एकच जागा. नाना सुभेदार म्हणून सैन्यातून निवृत्त होऊन आले, त्यांनी लिलावात जाड पोटाच्या दोन लाकडी होड्या घेतल्या, सडक्या फळ्या बदलल्या, डांबर फासलं आणि बागेच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड उभी करून नौकानयन मंडळ काढलं. हत्ती उतरायचे तिथून होड्या उतरू लागल्या. पेठेतल्या मुली वल्हवायला शिकल्या. भाजीवाल्यांच्या, मुजावरांच्या, कुंभारांच्या. मी त्यांना शिकवायला नानांच्या हाताखाली होते, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात तेवढं एकच काम मला मनापासून आवडलं.

अडचण एवढीच की त्याच उतरणीच्या पायथ्याशी, कडेच्या पायऱ्यांच्या घाटावर, गावाचे दहावे व्हायचे. पिंड मांडून मंडळी मागे सरायची आणि बागेतल्या पिंपळावरच्या कावळ्यांची वाट बघायची. कावळा शिवला की माणूस सुटला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मागं राहिलं. आणि लोकांचं म्हणणं, नानांच्या होड्यांमुळे कावळे खाली उतरत नाहीत.

“हसू नका,” नाना म्हणाले. “मी रोज पहाटे हितं असतो. कावळा भितो उगारलेल्या काठीला. शेतात बघा, नुसता माणूस गेला तर हलत न्हाई, काठी वर केली की उठतो. वल्हं पाण्यासरशी आडवं चालतं, त्याला कोण भितंय? आमच्या होडीच्या नाकावर बसून जातात कावळे. वर्षातनं एकदाच उठतात, सव्वीस जानेवारीला. पोरी झेंड्याला मानवंदना देताना वल्ही उभी धरतात ना, तेव्हा.”

“उभी धरली की उठतात?” काकांनी विचारलं.

“लगेच. वल्ही उभी आहेत तोवर खाली फिरकत न्हाईत.”

“बघा,” काका लोकांना म्हणाले, “सुभेदारांचा कावळ्यांवर अभ्यास आहे.”

पुन्हा हशा. मग माहुलीकर उठले. बँकेतून निवृत्त झालेले, सकाळी फिरणाऱ्यांच्या प्रभात मंडळाचे अध्यक्ष. गोल पोट, पांढरे बूट. “प्रश्न फक्त कावळ्यांचा नाही,” ते म्हणाले. “बाग सार्वजनिक आहे. आम्ही ज्येष्ठ माणसं प्राणायामाला बसतो आणि समोरून वयात आलेल्या मुली आखूड चड्ड्यांत होड्या ओढत नेतात. कुणी कुठं बघायचं?”

“डोळे मिटून करायचा असतो प्राणायाम,” मी मागून म्हणाले. बायका हसल्या. नानांनी माझ्याकडे वळून नुसतं बघितलं.

पण सोनाबाई कुंभारीण उभी राहिली तेव्हा कुणी हसलं नाही. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं तिला. माईक नको म्हणाली.

“सुभेदार, माझ्या मालकाचं पिंड मांडलं त्या दिशी तुमच्या पोरी पाण्यात एक-दोन, एक-दोन करत हुत्या. कावळं पिंपळावर बसून ऱ्हायली. ऊन डोक्यावर आलं. मी काय काय बोलले त्यांच्यासाठी. पोरांना शिकवीन म्हणले, थोरलीला नांदायला धाडीन म्हणले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आन् शिववला.” तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला. “दर्भाचा कावळा म्हंजे काय वो, गवत. माझा माणूस उपाशी गेला. त्याचं काय करता?”

नानांनी माईक बाजूला केला. ते खाली उतरून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“वैनी, चुकलं आमचं,” ते म्हणाले. “होडीमुळं असो नाहीतर नसो, त्या वेळेला पोरींना पाण्यात सोडायला नको हुतं. हितनं पुढं उतरणीवर पिंड असेल तोवर एक होडी हलणार न्हाई. हा शब्द.”

त्यांनी तो पाळलाही. पहाटेचा सराव मध्येच थांबवून आम्ही शेडमध्ये गप्प बसून राहायचो, पिंड उचलेपर्यंत. कावळ्यांना ते कधी कळलं नाही. कधी यायचे, कधी यायचे नाहीत, पूर्वीसारखेच.

सभेत निकाल लागला नाही. काका म्हणाले, विषय पालिकेच्या बैठकीत घेऊ. घरी येताना मी नानांना विचारलं, “काकांनी एक शब्द तुमच्या बाजूनं टाकला असता तर काय बिघडलं असतं?”

“खुर्चीत बसलेल्या माणसाला उघड बोलता येत न्हाई, उजू. आबा आतनं माझ्या बाजूनं आहे. मी भाऊ आहे त्याचा.”

नानांचा माणसांवर असाच विश्वास. सैन्यात शेजारच्या माणसावर भरवसा ठेवायला शिकवतात, आणि मग त्यांना गावात आणून सोडतात.

बैठक व्हायच्या आधीच नाना गेले. सराव संपवून, होड्या पालथ्या घालून झाल्यावर ते एका होडीच्या पाठीवर टेकले, मला म्हणाले, “जरा पाणी दे गं.” मी तांब्या घेऊन आले तेव्हा त्यांची मान खाली होती. मला वाटलं बुटाची नाडी बघतायत.

आई आधीच गेलेली, भाऊ नाही. सगळं काकांनी अंगावर घेतलं. माणसं, लाकडं, भटजी, पाहुण्यांचं जेवणखाण. मला कशाला हात लावू दिला नाही. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, तेही रडले. ते रडणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

दहाव्याच्या आधी एकदाच मी तोंड उघडलं. “पिंड मी देते, काका. माझे वडील आहेत.”

काकू चुलीपाशी थबकली. काका शांतपणे म्हणाले, “पिंड सयाजी देईल, पुतण्या असताना लेकीनं कशाला? पण तू घाटावर ये. बायका येत नाहीत, तरी तू ये. कोण काय बोलतंय ते मी बघतो.”

एवढंही कुणी केलं नसतं. मी त्यांच्या पाया पडले.

दहाव्याला घाटावर अख्खी पेठ लोटली होती. सयाजीनं, माझ्या चुलतभावानं, डोकं केलं होतं आणि उघड्या अंगानं तो कुडकुडत बसला होता. टेंबेगुरुजींनी पिंड मांडले, भात-वरण ठेवलं, नानांना आवडायचा तो शेंगदाण्याचा लाडूही ठेवला. सोनाबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आम्ही दोघीच बायका. मग सगळे मागे सरलो. पिंपळावर कावळे भरपूर होते. दोन खाली येऊन पायऱ्यांवर बसलेसुद्धा.

तेवढ्यात पाण्यावर हालचाल झाली.

शेडच्या बाजूनं आमच्या दोन्ही होड्या आल्या. मुलींनी पांढरे शर्ट घातले होते, केस घट्ट बांधलेले. पुढच्या होडीत नूरजहाँ मुजावर, आमची नूरी, जिच्या तालावर बाकीच्या वल्हवायच्या. उतरणीसमोर येऊन होड्या थांबल्या, हुकूम कुणीच दिला नाही, आणि सगळी वल्ही एकदम वर गेली. सरळ, उभी. ओल्या पात्यांवरून पाणी मुलींच्या हातांवर निथळत होतं आणि एकही हलत नव्हती, नानांनी शिकवलं होतं तशी.

माझा बांध फुटला. घाटावरचे बापेही डोळे पुसत होते. पेठेनं सुभेदाराला आयुष्यात दिला नाही तो मान त्या पोरींनी दिला, असंच मला वाटलं. पायऱ्यांवरचे कावळे कधी उठले ते मी बघितलं नाही.

वेळ गेला. कावळे पिंपळाच्या शेंड्यावर जाऊन बसले आणि तिथून ओरडत राहिले. मंडळी कुजबुजू लागली.

“काहीतरी राहिलंय त्यांचं,” गुरुजी म्हणाले. “बोला कुणीतरी घरचं.”

काका पुढं झाले. हात जोडले.

“हणमंता, उजूची काळजी करू नकोस. माझ्या लेकीसारखं तिचं लग्न लावून देईन.”

कावळे हलले नाहीत.

“घर तिच्या नावावर राहील. आपल्यातलं कुणी त्यात वाटा मागणार नाही.”

काही नाही. लोकांत चुळबुळ झाली. मागून कुणीतरी म्हणालं, “मंडळाचं बोला, आबासाहेब. त्यातच जीव हुता त्याचा.” दुसरा म्हणाला, “व्हय, होड्यांचं बोला.” मी काकांकडे बघत होते. घाटावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं नाना कशासाठी मागं राहतील ते.

काकांनी तळ्याकडे बघितलं. त्या उभ्या वल्ह्यांकडे. मग खणखणीत आवाजात म्हणाले, “हणमंता, तुझं मंडळ ह्याच उतरणीवर चालेल. पालिकेत मी उभा राहून सांगेन. सगळ्या गावादेखत शब्द देतो.”

आता येणार, असं वाटून मी पिंपळाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

कावळे जागचे हलले नाहीत.

गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाच्या जुडीकडे हात नेला. “आबासाहेब, दर्भाचा करू या. ऊन चढलं.”

“थांबा,” काका म्हणाले. “माझ्या भावाला दर्भाचा कावळा नको.”

त्यांचा आवाज फुटला होता. ते दोन पायऱ्या उतरून पिंडाजवळ गेले, उकिडवे बसले आणि आजारी माणसाला विचारावं तसं हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मग काय हवंय तुला, बाबा? मंडळही नको? हा घाट मोकळा करून हवाय का? लोकांचा जीव दुखावला ह्याचं राहिलंय तुला?”

आणि उठून त्यांनी मुलींना हात केला, जा म्हणून.

वल्ही खाली आली. होड्या वळल्या आणि शेडकडे निघून गेल्या. पाणी सपाट झालं. पिंपळावरून एक कावळा उतरला, पायरीवर दोन उड्या मारल्या आणि त्यानं भातात चोच घातली. मागोमाग दुसरा. लाडूसुद्धा पळवला.

घाटावर सगळीकडून सुटकेचा सुस्कारा निघाला. सोनाबाईनं दोन्ही हात कपाळाला लावले. “बघितलंस का, लेकी,” ती माझ्या कानाशी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “सुभेदारालाच पटलं. शब्द दिलावता मला. मेल्यावरबी पाळला.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. “वल्ह्यांमुळं,” मी म्हणाले. “वल्ही उभी होती. नाना सांगत होते ना, वल्ही उभी असली की–”

“रडू दे तिला,” कुणीतरी म्हणालं. सोनाबाईनं मला पोटाशी धरलं.

पालिकेची बैठक म्हणजे नुसता उपचार होता. मी प्रेक्षकांच्या बाकावरून उठून बोलायची परवानगी मागितली. काकांनीच ती मिळवून दिली, बोलू द्या तिला म्हणाले. मी सांगितलं, कावळे होडीला घाबरले नाहीत, उभ्या काठ्यांना घाबरले. पुन्हा होड्या न्या, वल्ही आडवी ठेवा, आणि बघा.

माहुलीकर तिथंही होते. “म्हणजे होडीतल्या वल्ह्यांमुळे कावळे आले नाहीत, हे तुम्ही मान्य करता,” ते म्हणाले. “आम्ही वेगळं काय म्हणत होतो?”

“उभ्या वल्ह्यांमुळे. रोज उभी धरत नाही कुणी.”

“वल्हं ते वल्हं, बाई.”

“आणि दुसरं,” काका मऊ आवाजात म्हणाले, “मी मंडळ चालवायचा शब्द दिला, सगळ्यांनी ऐकला. त्यानं तो घेतला नाही. घाट मोकळा करू म्हटलं, तेव्हा घेतला. आता माझ्या भावापेक्षा मी शहाणा होऊ का? पोरी, बापाला खोटं पाडू नकोस.”

काय बोलणार होते मी? होड्यांमुळे कावळे आले नाहीत म्हणावं, तर नाना भर सभेत खोटं बोलले असं ठरत होतं. होड्यांमुळे नाही म्हणावं, तर नानांनीच पिंड अडवून मंडळ बंद केलं असं ठरत होतं. दोन्हीकडून दोर माझ्याच गळ्याला. मी खाली बसले. ठराव एकमतानं झाला. दुसरा ठरावही काकांनीच मांडला आणि टाळ्यांच्या गजरात पास झाला: बागेला कैलासवासी सुभेदार हणमंतराव इंगवले उद्यान असं नाव.

शेड पाडली. एक होडी चुलीत गेली. दुसरीच्या पोटात माती भरून बागेच्या दारात झेंडू लावले, त्याच्यावर नानांच्या नावाची पाटी. काकांनी शब्द दिल्याप्रमाणे माझं लग्नही लावून दिलं, खर्चात कुठं कमी केलं नाही. मी नाशिकला गेले. माझा राग कुणावर होता म्हणाल तर त्या पोरींवर, कारण दुसरं कुणी सापडत नव्हतं. एवढी अक्कल शिकवली होती, सव्वीस जानेवारीला कावळे उठतात हे त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं का, असं मनात यायचं. नूरीनं लग्नाच्या वेळी निरोप धाडला होता, भेटायचंय म्हणून. मी भेटले नाही.

आबाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वतः सासू झाले होते. नव्वदीच्या घरात होते ते, अंथरुणाला खिळून. सयाजी म्हणाला, “ताई, शेवटी शेवटी तुझंच नाव घेत होते. दहाव्याला ये.”

घाटावर जायच्या वाटेवर बागेचं दार लागतं. होडीतल्या झेंडूची जागा प्लास्टिकच्या गवतानं घेतली होती. आत उतरणीच्या कडेनं पांढऱ्या हंसांच्या आकाराच्या, पायांनी चालवायच्या होड्यांची रांग लागली होती, आणि त्यावर सयाजीच्या फर्मची पाटी. ठेका त्याच्याकडे होता. काका नगरसेवक असतानाच मिळाला होता, मंडळ उठल्यावर वर्षभरातच. एका हंसाच्या डोक्यावर कावळा बसून चोच पुसत होता. हंसांचा विटाळ कुणाला झाला नव्हता, कारण दहाव्याला ते बांधून ठेवत. आम्हीही ठेवत होतो.

तिकिटाच्या खिडकीत एक जाड बाई बसली होती. चष्मा वर करून तिनं माझ्याकडे बघितलं आणि उभी राहिली. खांद्यांवरून ओळखलं मी. वल्हवणाऱ्या बाईचे खांदे जात नाहीत.

“ताई,” नूरी म्हणाली, “आलात. मला वाटलं येणार नाही.”

“तू इथं?”

“आबासाहेबांनीच लावलं. नवरा वारल्यावर पाया पडायला गेले होते, लगेच चिठ्ठी दिली. माझ्यावर त्यांची माया होती.” ती थोडी घुटमळली. “तुम्ही आमच्यावर रागावला होता ना, त्या मानवंदनेवरून? किती वेळा वाटलं, सांगावं. आमच्या डोक्यातलं नव्हतं ते. आम्ही तर ठरवलं होतं, सरांनी सभेत शब्द दिलाय, पिंड उचलेपर्यंत होडी काढायची नाही.”

“मग?”

“आदल्या संध्याकाळी आबासाहेब शेडवर आले. म्हणाले, उद्या माझ्या भावाला सलामी द्या. झेंड्याला देता तशी, वल्ही उभी धरून. मी म्हटलं, काका, सरांनी मना केलंय. तर म्हणाले, मी सांगतोय ना, मी त्याचा थोरला भाऊ. आणि मी हात करेपर्यंत खाली घेऊ नका.” तिनं माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला माहीत असेल असंच वाटत होतं, ताई. घरचंच माणूस.”

मला तो माईक आठवला, शीळ घालणारा. उभी धरली की उठतात? लगेच. वल्ही उभी आहेत तोवर खाली फिरकत न्हाईत. नानांनी स्वतःच्या तोंडानं, भर सभेत, आपल्या थोरल्या भावाच्या हातात सुरी दिली होती. त्यानं ती जपून ठेवली आणि भावाच्याच पिंडासमोर चालवली. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतंच ऐकलं होतं.

घाटावर पिंड मांडून झाले होते. सयाजी बसला होता, गुरुजी टेंबेगुरुजींचा पुतण्या. हंस कडेला साखळीनं बांधलेले. तळ्यावर कुणी नव्हतं, काठी नव्हती, वल्हं नव्हतं. पिंपळ कावळ्यांनी काळा झाला होता.

आणि एकही खाली उतरत नव्हता.

सयाजीनं हात जोडून धंद्याचं सांगितलं, नातवाच्या शिक्षणाचं सांगितलं. त्याच्या मुलानं देवाची यात्रा कबूल केली. काकूला खुर्चीवर बसवून आणलं होतं, तिनंही काहीतरी पुटपुटून घेतलं. ऊन वर आलं. कावळे पिसं साफ करत बसले होते. लोकांना घरी जायचं होतं.

मग काकूनं मान वळवली. “उजू,” ती म्हणाली, “तू बोल गं. तुझ्यातच अडकलेत ते. ‘तिला काहीतरी सांगायचंय’ म्हणत होते सारखे, पण जीभ चालत नव्हती. तू एकदा म्हण, माझं काही नाही म्हणून. एवढं म्हण, बाई.”

सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. सयाजीचे डोळे भरलेले. रस्ता करून दिला लोकांनी. मी पायऱ्या उतरून पिंडाजवळ गेले. पांढरा भात, त्यावर दही, कडेला काकांना आवडायचं ते केळं. ज्या पायरीवर ते भावासाठी उकिडवे बसले होते त्याच पायरीवर मी उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. खोटं म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्यांनीही तेच केलं होतं.

मी वर पिंपळाकडे बघितलं, मग गुरुजींकडे.

“फार वेळ झाला, गुरुजी,” मी म्हणाले. “दर्भाचा कावळा करा.”